जुन्या वाड्याचे साहित्य नव्या घरात वापरताना

साताऱ्याच्या पेठांत, वाईत किंवा सांगलीच्या गावभागात जुना वाडा उतरवायचा ठरला, की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी जेसीबी येतो आणि सागवान, वीट, दगड, माती यांचा एकच ढीग होतो. साहित्याची सर्वांत मोठी नासाडी तेव्हाच होते. म्हणून नव्या घराचा नकाशा काढण्यापूर्वी दारे, खिडक्या, तुळया आणि घडीव दगड यांची मोजमापांसह यादी करून ती वास्तुविशारदाकडे द्यावी. चौकटींची मापे आधी कळली तर भिंतीतील जागा त्यांनुसार सोडता येते आणि जुने दार कापून बसवावे लागत नाही.

वाडा ज्या क्रमाने उभा राहिला, त्याच्या उलट क्रमाने तो हातांनी उतरवावा. मजुरी वाढते, परंतु चांगल्या सागवानाची किंमत पाहता हा खर्च मला योग्यच वाटतो. छपरावर ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नयेत, कारण त्यांतील तंतू फुप्फुसांना घातक असतात. ते ओले करून अखंड उतरवावेत आणि पुन्हा वापरू नयेत.

तुळईची भिंतीत रुतलेली टोके प्रथम तपासावीत, कारण ओल आणि वाळवी बहुधा तेथूनच शिरते. सळईने टोचून पाहावे आणि पोकळ भाग कापून टाकावा. तुळईवर पुन्हा भार द्यायचा असल्यास अभियंत्याची संमती घ्यावी. एरवी तिच्यापासून चौकटी आणि जिन्याच्या पायऱ्या उत्तम होतात.

चुन्यात बांधलेली वीट हलक्या ठोक्याने अखंड सुटते, तर सिमेंटमधील वीट अनेकदा फुटते, कारण तेथे मसालाच विटेपेक्षा कठीण असतो. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐकावे; नंतर काही कोरड्या विटांचे वजन करून त्या २४ तास पाण्यात बुडवाव्यात. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढले, तर त्या विटा बाहेरच्या भिंतीला वापरू नयेत. तुकडे गच्चीच्या कोब्याला चालतात. जोत्यातील भरीसाठी विटा-दगडांच्या राडारोड्यातून लाकूड व प्लास्टिक वेचून काढावे आणि तो १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरावा.

जुने स्वच्छ काँक्रीट फोडून केलेली खडीही वापरता येते. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील आवृत्तीनुसार ती साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, तर सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंतच (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) आणि २० टक्क्यांपर्यंत चालते. एम-१५ हून कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये मात्र सर्व खडी तशी असू शकते. जुनी सळई घराच्या सांगाड्यात न वापरता भंगारात द्यावी.

वाड्याच्या भिंतीतील पांढरी माती आतल्या भिंतींसाठी पुन्हा मळता येते. सांगलीत मात्र २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी जेथवर चढले त्या पातळीखाली मातीची भिंत घालू नये. तेथे वाड्याचाच काळा दगड लावावा.

नव्या सळया साधारण १२ मीटर लांबीच्या येतात, म्हणून त्यांचे किती लांबीचे तुकडे करायचे याचा तक्ता आधी करून घ्यावा, म्हणजे तुकडे वाया जात नाहीत. एवढे करूनही उरलेला राडारोडा ओढ्यात किंवा कृष्णाकाठी टाकू नये, कारण त्याने पात्र अरुंद होते; तो नगरपालिकेने किंवा महापालिकेने ठरवून दिलेल्या जागीच पोहोचवावा आणि ही अट कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्यावी.