वेब ॲपमधले टॅब: कुठे वापरायचे आणि कसे बांधायचे

मुंबईतल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीचं वेब ॲप घ्या. सभासद लॉगिन करतो तेव्हा त्याला चार गोष्टी लागतात: बिलं, तक्रारी, नोटिसा, पार्किंग. चारही एकाच फ्लॅटशी बांधलेल्या, एकाच पातळीच्या, आणि एका वेळी एकच उघडायची. इथे टॅब, म्हणजे वर नावांची पट्टी आणि दाबलेल्या नावाचा मजकूर खाली, शोभतात.

भाडेकरूची नोंदणी मात्र टॅबांत घालू नका. आधी करार, मग पोलीस पडताळणी, मग कमिटीकडे अर्ज असा क्रम असेल, तर लोक तिसरा टॅब आधी उघडतात आणि फॉर्म अर्धवट राहतो. तिथे क्रमांक घातलेल्या पायऱ्याच हव्यात. मागचं आणि चालू बिल दोन टॅबांत ठेवणं हीसुद्धा चूकच. सभासद एक आकडा कागदावर टिपून दुसऱ्या टॅबवर जातो. कागद घ्यावा लागला की टॅब चुकले समजा. दोन्ही बिलं एकाखाली एक लावा.

नावं एका शब्दाची, फार तर दोन. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही कडांना १६ सोडले की उरतात ३२८, म्हणजे चार टॅबांना प्रत्येकी ८२. आतली मोकळी जागा १२-१२ धरली तर अक्षरांना ५८. १६ पिक्सेलच्या अक्षरात ‘बिलं’ आरामात बसतं, ‘मेंटेनन्स बिल’ बसत नाही. नाव कापून तीन टिंबं देण्यापेक्षा ते बदला. टॅब खरोखरच जास्त असतील तर पट्टी आडवी सरकू द्या आणि शेवटचा टॅब मुद्दाम अर्धा दिसू द्या, म्हणजे पुढे काहीतरी आहे हे कळतं. दोन ओळींची पट्टी नको. कुठला टॅब कुठल्या मजकुराचा, तेच कळेनासं होतं. आणि ‘इतर’ नावाचा टॅब म्हणजे घरातला माळा: ठेवणाऱ्याची सोय, शोधणाऱ्याचे हाल.

देवनागरीची पथ्यं वेगळी. इंग्रजी टॅबांना अक्षरांमधलं अंतर वाढवायची पद्धत आहे; तेच मराठीला केलं की शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्यच ठेवा. ओळीची उंची १.२ ठेवून जास्तीचा भाग लपवला तर वेलांट्या आणि उकार छाटले जातात, म्हणून १.५ द्या. पानाची भाषा एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) मराठी म्हणून नोंदवा: स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) योग्य आवाज निवडतो, आणि ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात तिथे तेच उमटतात.

उघडा टॅब नुसत्या रंगावर सोडू नका. खाली ३ पिक्सेलची रेघ द्या. मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१, रेघेचा ३:१. निवडलेलं नाव ठळक करायचं असेल तर ठळक अक्षरांना लागणारी रुंदी आधीच राखून ठेवा, नाहीतर प्रत्येक क्लिकला शेजारचे टॅब हलतात. डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष, यांच्या एए पातळीला दाबायची जागा २४ पिक्सेलची चालते, पण गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने फोन धरणाऱ्याला ४४ ते ४८ उंची द्या.

आता बांधणी. कोडमध्ये एआरआयए (उच्चार ‘एरिया’) नावाच्या खुणा घालायच्या, म्हणजे स्क्रीन रीडरला टॅब ओळखता येतात. पट्टीला टॅबलिस्ट, प्रत्येक बटणाला टॅब आणि खालच्या भागाला टॅबपॅनेल असे रोल. उघड्या टॅबवर एरिया-सिलेक्टेड ‘ट्रू’, बाकींवर ‘फॉल्स’. बटण एरिया-कंट्रोल्सने पॅनेलशी जोडा, पॅनेल एरिया-लेबल्डबायने बटणाशी. टॅबइंडेक्स (टॅब की त्या बटणावर थांबेल की नाही हे ठरवणारा आकडा) उघड्या बटणाला ०, इतरांना उणे १. कीबोर्डची टॅब की पट्टीत एकदाच थांबते. डाव्या-उजव्या बाणांनी शेजारी जायचं, होम आणि एंडने टोकांना. मजकूर आधीच आलेला असेल तर बाणासरशी पॅनेल उघडू द्या. सर्व्हरवरून आणायचा असेल तर एंटर किंवा स्पेस दाबल्यावरच, नाहीतर ओलांडलेल्या प्रत्येक टॅबची मागणी सर्व्हरकडे जाते.

हमखास होणारी चूक वेगळीच. सभासद गळतीची तक्रार लिहितो, मध्येच बिल बघायला जातो, परत येतो तर खोका रिकामा. टॅब बदलताना पॅनेल पानातून काढून टाकलं की असं होतं. ते नुसतं लपवा, किंवा मसुदा वेगळा साठवा.

प्रत्येक टॅबचा पत्ता यूआरएलमध्ये यायला हवा. नाहीतर सेक्रेटरी नोटिशीची लिंक व्हॉट्सॲपवर टाकतो आणि सगळ्यांपुढे बिलं उघडतात. टॅबबरोबर यूआरएल बदलताना ब्राउझरच्या हिस्टरीतली नोंद बदला, नवी घालू नका. नाहीतर मागे जायला बॅक बटण टॅब पाहिले तितक्या वेळा दाबावं लागतं.

छपाईही तपासा. नोटीस बोर्डावर लावायला प्रिंट काढली की कागदावर टॅबची पट्टी येते आणि शीर्षक मात्र नसतं, कारण ते काम टॅबच्या नावानेच भागवलेलं असतं. प्रिंटच्या सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं याच्या नियमांत) पट्टी लपवा आणि पॅनेलचं शीर्षक दाखवा.