घरच्या शाळेचे कागद: फिरता फोल्डर आणि मुक्कामाची फाइल

गेल्या वर्षी थोरल्या मुलीच्या विज्ञानाच्या स्वाध्यायाचे तिसरे पान ऐन द्यायच्या दिवशी सापडेना. घरभर शोधल्यावर ते धाकट्याच्या चित्रकलेच्या वहीत निघाले. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर निळा हत्ती रंगवलेला होता आणि रंग पलीकडच्या श्वसनसंस्थेच्या आकृतीपर्यंत पाझरला होता. चूक धाकट्याची नव्हती. कुठला पाठकोरा कागद घ्यायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे आम्ही त्याला कधी ठरवूनच दिले नव्हते.

शाळेत वह्या गोळा करणारा मॉनिटर असतो, तास संपल्याची घंटा असते, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा ठेवायला बाईंचे टेबल असते. घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही सगळी व्यवस्था जेवणाच्या टेबलावर उभी करावी लागते आणि नेमकी तीच बहुतेक घरांत राहून जाते. अभ्यासक्रम, पुस्तके, वेळापत्रक यांवर पालक महिनोन्‌महिने विचार करतात, पण लिहून झालेला कागद कुठे जाणार हे कोणी ठरवत नाही. माझ्या अनुभवात सगळी घडी एका भेदावर बसते. ज्या कागदावर काम व्हायचे आहे तो फिरता कागद, त्याची जागा फोल्डरमध्ये. ज्यावरचे काम संपून तो तपासून झाला आहे तो मुक्कामाचा कागद, त्याची जागा रिंग फाइलमध्ये. हे दोन्ही एकाच ठिकाणी ठेवले की फाइल फुगत जाते आणि मुलाला आज काय करायचे तेही दिसेनासे होते.

खरेदीपासून सुरुवात करू. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा कोणत्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात ए-४ मापाची, दोन कड्यांची रिंग फाइल मिळते. कड्या पूर्ण गोल असलेल्या फाइलपेक्षा डी आकाराच्या कड्यांची घ्यावी, कारण तिच्यात पाने एकावर एक सरळ बसतात आणि उलटताना अडकत नाहीत. नेहमीच्या छपाईच्या ५०० कागदांचे रीम साधारण पाच सेंटिमीटर जाडीचे असते. त्या हिशेबाने २५ मिलिमीटरच्या कडीत दोनशेच्या आसपास कागद मोकळेपणाने राहतात आणि एका मुलाच्या एका सहामाहीला ते पुरतात. खरी अडचण होते ती कागदाच्या मापाची. फूलस्केप आणि ए-४ हे दोन्ही कागद घरात असले की फूलस्केपच्या कडा फाइलबाहेर येतात, दुमडतात आणि महिन्याभरात फाटतात. म्हणून पहिल्याच दिवशी एक माप ठरवावे आणि आखीव सुटे कागदही ए-४ मध्येच आणावेत. लहान मुलांना चार रेघी किंवा चौकटी वहीच लागते. ती वही तशीच वापरावी, तिची पाने फाडून फाइलला लावण्याचा अट्टहास करू नये.

पंच मारणे हे मुलांनी स्वतः करायचे काम आहे, पण ते शिकवावे लागते. आपल्याकडच्या साध्या पंचिंग मशीनच्या दोन भोकांमधले अंतर ८० मिलिमीटर असते आणि दोन कड्यांच्या फाइलही त्याच मापाच्या असतात, त्यामुळे अंतराचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो मध्य साधण्याचा. कागदाची वरची आणि खालची कड जुळवून डाव्या बाजूला मध्यावर नखाने बारीक चुण पाडायची, ती चुण मशीनवरच्या बाणाच्या खुणेसमोर आणायची, कागद आतपर्यंत सरकवायचा आणि मग दाबायचे. धाकट्याला हे नवव्या वर्षी जमले. त्याआधी त्याची पाने कधी वर, कधी खाली लटकत असत आणि फाइल मिटताना सगळ्यांत बाहेरच्या पानाचे भोक फाटे. फाटलेल्या भोकावर मागून चिकटपट्टी लावून पुन्हा पंच मारला की काम भागते. सात-आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती कडीची फाइल देऊ नये, बोट चिमटते. त्यांना बटणाचे प्लास्टिक फोल्डर पुरतात.

आता फिरत्या कागदाकडे वळू. प्रत्येक मुलासाठी एका रंगाचे सहा फोल्डर घ्यावेत, सोमवार ते शनिवार. आमच्याकडे थोरलीचे निळे आणि धाकट्याचे पिवळे आहेत, त्यामुळे कागद कुणाचा हे लांबूनच कळते. रविवारी संध्याकाळी मी आठवड्याचे सगळे कागद त्या त्या वाराच्या फोल्डरमध्ये घालते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यामुळे हवी तेवढीच स्वाध्यायाची पाने छापून घेता येतात. प्रत्येक फोल्डरमध्ये वरती एक चिठ्ठी असते. तिच्यावर विषय, काय करायचे आणि साधारण किती वेळ द्यायचा, एवढेच लिहायचे. ‘गणित करणे’ असे लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी असते. ‘अपूर्णांकांची बेरीज, पहिली सहा उदाहरणे, एका उदाहरणाची आकृती काढणे’ असे लिहिले की मूल कुणालाही न विचारता बसते. दिवस संपला की फोल्डर रिकामा झालेला दिसला पाहिजे. मुलाला आपले काम संपले हे डोळ्यांनी दिसणे फार महत्त्वाचे आहे, कारण घरच्या अभ्यासाला घंटा नसते आणि न संपणारा अभ्यास मुलांना थकवतो.

काही काम राहिले तर ते आपोआप दुसऱ्या दिवसाच्या फोल्डरमध्ये ढकलू नये. तसे केले की गुरुवारपर्यंत फोल्डर इतका जड होतो की मूल तो उघडायलाच तयार होत नाही. राहिलेल्या कामासाठी वेगळा लाल फोल्डर ठेवावा आणि शनिवारचे काम मुद्दाम हलके ठेवून त्या दिवशी मुलासोबत तो उघडावा. त्यातले काही करून टाकायचे असते, काही सोडून द्यायचे असते. आणि एकाच प्रकारचे काम तीन आठवडे सलग लाल फोल्डरमध्ये दिसले, तर तो आळस नसून मुलाला तो भाग समजलेला नाही असे मी धरते आणि शिकवण्याची पद्धत बदलते. या लाल फोल्डरने मला मुलांबद्दल जेवढे सांगितले, तेवढे कोणत्याही चाचणीने सांगितले नाही.

पूर्ण झालेला कागद ‘तपासायचे’ असे लिहिलेल्या फोल्डरमध्ये जातो आणि तो तपासणे ही आपली जबाबदारी असते. दोन दिवसांच्या आत तपासावे. आठवड्याने तपासलेल्या उत्तराबद्दल विचारले तर मुलाला आपण तसे का लिहिले हे आठवत नाही आणि चूक नुसतीच खोडली जाते. दुरुस्ती त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या पेनने करू द्यावी. ‘फेअर’ करून घेऊ नये, कारण पुढे फाइल चाळताना चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी दिसणे हाच तिचा उपयोग आहे. तपासल्याची तारीख टाकली की कागदाला पंच मारून तो रिंग फाइलमध्ये त्याच्या विषयाच्या विभाजकामागे लावायचा. फाइलच्या सुरुवातीला अनुक्रमणिकेचे एक पान असावे आणि त्यात तारीख व घटकाचे नाव मुलानेच लिहावे. परिसर अभ्यासासाठी गोळा केलेली पाने, एसटीची तिकिटे, नकाशे यांसाठी पारदर्शक पिशव्या मिळतात. त्या घेताना पीव्हीसीच्या टाळाव्यात, कारण झेरॉक्सची शाई पीव्हीसीला चिकटून उपटते. पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्यांना हा त्रास होत नाही.

परीक्षेचे कागद मात्र या फाइलमध्ये अजिबात मिसळू नयेत. थोरली एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करते आहे. तिथे दहावीच्या प्रवेशासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, नोंदणी पाच वर्षे चालते आणि टीएमए नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वाध्यायांना २० टक्के भार असतो. हत्ती रंगवलेले पान त्यातलेच होते. तेव्हापासून तिच्या पाच विषयांचे पाच फोल्डर वेगळ्या कपाटात असतात आणि द्यायच्या प्रत्येक स्वाध्यायाची झेरॉक्स आधी काढली जाते. नोंदणीची पावती, ओळखपत्र, जन्माचा दाखला, आधार आणि मूल मध्येच शाळेतून काढले असेल तर शाळा सोडल्याचा दाखला हे सगळे एका जाड लिव्हर आर्च फाइलमध्ये, पारदर्शक पिशव्यांत ठेवावे. मूळ कागदाला कधीही पंच मारू नये. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचे ठरले तरी याच कागदांची गरज पडते.

पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. कोकणात आणि मुंबईत जुलैपर्यंत कागद ओलसर होतात आणि भिंतीला टेकलेल्या फाइलमध्ये कसर लागते. फाइल उभ्या ठेवाव्यात, कपाटाचा सगळ्यांत खालचा खण टाळावा, भिंत आणि फाइल यांत चार बोटे अंतर सोडावे आणि मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. लहान मुले हाताळणार असतील तर डांबरगोळ्या नकोत.

दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात फाइल रिकामी करायची. प्रत्येक विषयातले दहा कागद मुलाने निवडावेत: सहामाहीचे पहिले, शेवटचे, ज्यावर खूप अडले ते आणि जे त्याला आवडले ते. हे दहा कागद टॅगने बांधून वर्षाच्या नावाने ठेवावेत. उरलेल्यांपैकी एका बाजूने कोरे असलेले कागद आमच्याकडे ‘पाठकोरे’ असे लिहिलेल्या खोक्यात जातात आणि चित्रांसाठी धाकटा आता फक्त त्या खोक्यातूनच कागद घेतो.

थोरलीचे सोमवार आणि मंगळवारचे फोल्डर गेल्या जूनपासून तीच भरते. चिठ्ठीवर ती स्वतःला माझ्यापेक्षा जास्त काम लिहून देते आणि लाल फोल्डर उघडताना शनिवारी आम्ही दोघी त्यावर बोलतो.