ट्रकलाइनमध्ये यायचं असेल तर: इंदूरच्या एका ड्रायव्हरचं सांगणं

इंदूरच्या मराठी घरांत पोरगा बँकेत लागला किंवा पुण्याला कंपनीत गेला की पेढे वाटतात. ट्रकवर गेला तर विचारणाऱ्याला "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलतात. आम्ही परदेशीपुऱ्याकडचे मिलवाले, आमच्यातही तेच. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. ती 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी निघायला 2023 चा डिसेंबर उजाडला. पण मिल चालू होती तोवर जॉबर (मुकादम) कोण, विणकर कोण, बदली कामगार कोण हे हजेरीपटावर लिहिलेलं असे आणि पगार त्यावरून ठरे. ट्रकलाइनमध्ये असा हजेरीपट मी कधी पाहिला नाही.

हल्ली भाचे-पुतणे विचारतात, "काका, या लाइनमध्ये यावं का? हे कुशल काम धरतात का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कागदावर धरतात. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात जड ट्रकच्या ड्रायव्हरला 8332 हा क्रमांक आहे, आणि तिथे त्याची कौशल्य पातळी गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकएवढीच, म्हणजे दुसरी आहे. फरक पुढे पडतो. डिझेल मेकॅनिक हा आयटीआयचा ट्रेड आहे, त्याचं शिकाऊपण मोजलं जातं, सर्टिफिकेट दाखवून नोकरी मागता येते. ड्रायव्हर मात्र कुठल्यातरी उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून शिव्या खात शिकतो आणि ते शिकणं कुठेच नोंदलं जात नाही.

शिकायचं काय असतं, हे बाहेरच्याला कळत नाही. मुंबईकडे निघालात की मानपूर सोडल्यावर माळव्याचं पठार संपतं आणि गाडी निमाडात उतरायला लागते. गणपती घाट तिथलाच. ब्रेक फेल होऊन तिथे इतके अपघात झाले की शेवटी उताराचा वेगळा रस्ता काढावा लागला. "ब्रेक फेल" हे पेपरवाल्यांचं उत्तर. गाडीत बसलेल्याला वेगळंच दिसतं. भरलेली गाडी उतारावर आली आणि पाय ब्रेकवर दाबून ठेवला की चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासून गाडी थांबवणारे लायनर पकड सोडतात. आधी जळका वास येतो. मग पेडल दाबूनही गाडी ओढतच राहते, आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर हवा मात्र पुरेशी दिसते. नवा माणूस काट्याकडे बघून निर्धास्त राहतो. जुना माणूस उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावतो आणि पायाचा ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून वापरतो. उतारावर मधेच गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी तुमची राहिली नाही.

मग डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, म्हणजे गिअर सोडून उतरणारे का असतात? त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. बऱ्याच मालकांकडे खेपेला डिझेल ठरवून देतात, वाचेल ते ड्रायव्हरचं. म्हणजे जो घाट नीट उतरतो त्याच्या खिशाला चाट, आणि जो जीव धोक्यात घालतो त्याला बक्षीस. कौशल्याची मान्यता हवी की नको यावर कोणी वाद घालायला लागलं, की मी आधी हे डिझेलचं गणित मांडतो.

टायरचंही तसंच. मागच्या जोडटायरमधला एक हवा जाऊन बसला तरी दुसरा भार घेतो आणि बघून काही कळत नाही. निघण्यापूर्वी लोखंडी रॉडने प्रत्येक टायर ठोकायचा. भरलेला असेल तर रॉड उसळतो आणि आवाज टणक येतो, बसलेला असेल तर रॉड रुततो, आवाज भद्द येतो. उन्हाळ्यात धुळ्याच्या पुढे हा बसलेला टायर दुसऱ्याला घासून पेट घेतो, म्हणून प्रत्येक चहाच्या थांब्यावर खाली उतरून ठोका. आळस करू नका.

मालाचा स्वभाव ओळखणं हे तिसरं. इंदूरजवळच्या पीथमपूरची स्टीलची कॉइल (पत्र्याची गुंडाळी) साखळीने आणि ठोकळ्यांनी जखडली नसेल तर कचकन ब्रेक मारताच केबिनकडे येते. सोयाबीन तेलाचा टँकर पूर्ण भरला असेल तर शहाणा, अर्धा असेल तर वेडा: वळणावर आणि ब्रेक मारल्यावर आतलं तेल गाडीला ढकलतं. चोइथराम मंडीचा कांदा-बटाटा ताडपत्री नीट ओढली नाही तर पावसात जातो, घट्ट आवळून वारा कोंडला तरी जातो. हे पुस्तकात येऊ शकतं, पण हाताला कळायला वेळ लागतो.

आता लायसन्सची वाट. आधी हलक्या गाडीचं लायसन्स काढा. ते हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही, आणि वय 20 पूर्ण लागतं. आठवी पासची अट 2019 मध्ये काढली, त्यामुळे शाळा सुटलेल्यालाही दार उघडं आहे. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांनी नवं करावं लागतं, ज्वालाग्राही किंवा विषारी माल न्यायचा असेल तर तीन वर्षांनी, आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्यापूर्वी ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला हवा. इथे सावध राहा. शहरातल्या एका स्कूलने आमच्या ओळखीच्या पोराला स्टीयरिंगला हात लावू न देता तो फॉर्म दिला होता. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण पहिल्या भरल्या गाडीवर ते वसूल होतात. सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांचा असतो. आपल्या राज्यात छिंदवाड्याला मोठी संस्था आहे. जाता येत असेल तर जाच.

गंमत बघा. पीथमपूरला नॅट्रॅक्स म्हणून गाड्या तपासायचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झाला. त्याच्याच दारावरून आमचे ट्रक जातात. गाडीची परीक्षा एवढी मोठी, आणि ती गाडी घाटात नेणाऱ्याची परीक्षा एका आवारात चार वळणं घेऊन उरकते.

जुन्या ड्रायव्हरांना अनुभवावरून परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. घ्यावं का? घ्या. पण त्याने उद्या पगार वाढेल असं समजू नका. मालक लायसन्स बघतो, ओळख बघतो, आणि खेपेला किती मागतोस ते विचारतो. मोटार वाहतूक कामगारांच्या कामाचे तास ठरवणारा कायदा 1961 पासून होता, दिवसाला आठ तास आणि मध्ये विश्रांती, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू. आता तो 2020 च्या नव्या कामगार संहितेत सामावला आहे. ज्याच्या दोन-तीनच गाड्या आहेत त्याच्याकडे तास कोण मोजणार? जर्मनीत ट्रक ड्रायव्हर हा 2001 पासून तीन वर्षांच्या शिकाऊपणाचा मान्य व्यवसाय आहे. युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. कॅनडात ओंटारिओने 2017 मध्ये किमान 103.5 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तरी ट्रक चालवणं हा पूर्ण ट्रेड मानावा का यावर तिथेही वाद आहेच.

माझं मत विचाराल तर मान्यता हवीच, पण ती तासांच्या नोंदीसकट. नुसतं सर्टिफिकेट सक्तीचं केलं तर ते विकणारी आणखी दुकानं उघडतील. थांबण्याचे तास पगारात धरले तरच सर्टिफिकेटला किंमत येईल, कारण भिवंडीच्या गोदामाबाहेर दोन दिवस रांगेत उभं राहणं आज आमच्या खिशातून जातं. केबिनमध्ये एसी 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या ट्रकांना सक्तीचा झाला, तो मिळायला लागलाय. ही एक गोष्ट मात्र बरी झाली.

पहिली नोकरी धरताना भाडं किती यापेक्षा चार गोष्टी आधी ठरवून घ्या. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, कोण देणार. ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदत संपली तर दंड कोणाचा (200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, गाडी बिघडली की तो पुरत नाही). ओव्हरलोडचा दंड कोणाच्या नावावर. आणि डिझेल टाकी भरून मिळतं की ठरवून. चौथ्या प्रश्नाला मालक हसला तर दुसरा मालक बघा, देवास नाक्यावर कमी नाहीत. बिल्टीचा (मालाच्या पावतीचा) आणि भत्त्याच्या प्रत्येक पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पैशाचा वाद झाला की तोच कामी येतो.

आणि घरच्यांना सांगताना "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" असं पुटपुटू नका, ट्रक चालवतो म्हणून सरळ सांगा. आई दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी वाटेत खायला पराठे कुठल्या डब्यात भरू म्हणून विचारेल.