खेळाडूंचा आहार प्रशिक्षक व्हायचंय? आधी वाटी मोजा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीला होते. हातात व्हर्नियर, म्हणजे नगाची जाडी मोजायचा चिमटा, समोर नगांचा ट्रे, बाजूला रजिस्टर. आता पहाटे साडेपाचला मैदानावर असते आणि पळून आलेल्या पोरापोरींना काल काय खाल्लं ते विचारून वहीत उतरवते. माझ्या सासूबाई अजून म्हणतात, पगाराची नोकरी सोडून ही लोकांची ताटं मोजत फिरते. खरंय. मोजायचीच सवय होती, ती कामाला आली.

आठवड्यातून एक तरी फोन येतो, ‘ताई, तुम्ही कोणता कोर्स केला?’ म्हणून ते आधी सांगून मोकळी होते.

तुम्ही अजून बारावीत असाल आणि विज्ञान घेतलं असेल तर सरळ वाट धरा. अन्न व पोषण विषयात पदवी घ्या, मग पदव्युत्तर शिक्षण. पुढे रुग्णालयात इंटर्नशिप करून इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलीत तर ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ म्हणवून घेता येतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञांना आरोग्यसेवेच्या व्यावसायिकांमध्ये धरलंय, त्यामुळे वाटेल त्यानं वाटेल ती पाटी लावायचे दिवस सरत चाललेत. माझी मूळ पदवी रसायनशास्त्राची. मी पस्तिशीत पोषणाचा पदविका अभ्यासक्रम केला, त्यावर क्रीडा पोषणाचं सर्टिफिकेट. म्हणून माझ्या कार्डावर ‘आहार प्रशिक्षक’ एवढंच आहे. आजारी माणसाचा आहार मी ठरवत नाही.

चार-सहा आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटला मी नावं ठेवणार नाही, पण पैसे भरण्यापूर्वी एवढं विचारा : व्यायामाचं शरीरशास्त्र शिकवता का? आणि मी खऱ्या माणसांचे आहार लिहून आणले तर ते तपासून लाल पेनानं चुका दाखवणारं कोणी आहे का? दुसऱ्या प्रश्नाला फोनवरची व्यक्ती गडबडली तर फोन ठेवा.

आता मुख्य काम. पहिले सहा महिने कोणालाही सल्ला देऊ नका. स्वयंपाकघराचा एक काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते मिळवा, त्यात ५२८ अन्नपदार्थ आहेत. आणि आपल्याच घरातली भांडी मोजायला बसा. मी पहिल्या आठवड्यात सात घरांतल्या वाट्या पाण्यानं भरून मोजल्या होत्या. सगळ्यात लहान ९० मिलिलिटरची निघाली, सगळ्यात मोठी २२० ची. दोन्ही घरांत तिला ‘वाटी’च म्हणत होते. समोरचा ‘दोन वाट्या वरण’ म्हणतो तेव्हा आपण काय लिहितो, याचा विचार करा.

तक्त्यातले आकडे बहुतेक कच्च्या पदार्थाचे असतात, इथे नवे लोक हमखास फसतात. शिजलेल्या वरणाला डाळीचा आकडा लावला की कागदावर मुलगा पहिलवान होतो. माझ्या घरी वाटीभर पातळ वरणात २० ते २५ ग्रॅम कोरडी तूरडाळ पडते, म्हणजे प्रथिनं जेमतेम पाच ग्रॅम. बाजरीची मध्यम भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची, तिच्यात साडेसहा ग्रॅम. भाकरी वरणाच्या पुढे आहे हे पाहून मी पुन्हा काटा शून्यावर आणून मोजलं होतं.

हे हाताला बसलं की विचारायला शिका. पुस्तकात याला चोवीस तासांची आठवण म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पंचवटीतल्या एका खोलीत भरतीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता, १६०० मीटरला शेवटच्या फेरीत पाय जड होतात म्हणून. आमचं बोलणं असं झालं :

“सकाळी उठल्यावर काय घेतलंस?”

“काही नाही ताई. डायरेक्ट ग्राउंड.”

“चहा?”

“चहा तर घेतलाच.”

“सोबत?”

“टोस्ट.”

“किती रे?”

“तीन... चार असतील.”

“ग्राउंडवरून खोलीवर कोणत्या रस्त्यानं येतोस?”

तो हसायलाच लागला. त्या रस्त्यावर वडापावची गाडी होती.

‘काही नाही’चे झाले एक चहा, चार टोस्ट आणि दोन वडापाव. खोटं तो बोलत नव्हता. गाडीवरचं खाणं त्याच्या हिशेबी जेवणात धरायचंच नव्हतं. तेव्हापासून मी ‘काय खाल्लं’ असं विचारतच नाही. उठलास कधी, गेलास कुठून, कोण सोबत होतं, हे विचारत दिवसभर त्याच्या मागे चालायचं. खाणं आपोआप सापडतं. तीन दिवस लिहून घ्या, त्यात एक रविवार हवाच. नाशिकमध्ये रविवारची मिसळ सोडून केलेला हिशेब हा हिशेबच नाही. पळणाऱ्यांचे ग्रुप तर मिसळीच्या ठिकाणापर्यंतचंच अंतर धरून पळतात.

आकडे यानंतर. खेळाडूला प्रथिनं दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम. कर्बोदकं सरावाप्रमाणे : रोज तासभर मध्यम सराव असेल तर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, रोज एक ते तीन तास दमवणारा सराव असेल तर ६ ते १०. हे पाठ करायला अर्धा तास लागतो. खरी परीक्षा त्याचं ताट करण्यात आहे. समजा, ५५ किलोची मुलगी, वसतिगृहात राहते, लांब पल्ल्याची धावपटू. १.६ नं धरलं तर ८८ ग्रॅम प्रथिनं. दिवसभरात पाच भाकऱ्यांचे ३३, दोन वाट्या वरणाचे १०, दोन अंड्यांचे १२, पाव-पाव लिटर दूध दोन वेळा म्हणजे १६, मूठ-दीड मूठ शेंगदाणे म्हणजे ४० ग्रॅमचे साडेनऊ, आणि मटकीच्या उसळीचे आठ. बसलं. पावडरचा डबा कुठे आला? आमच्या पेठ-सुरगाण्याच्या मुली बाजरीपेक्षा नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खातात. तिच्यात प्रथिनं कमी, शंभर ग्रॅम पिठाला सातच्या आसपास, पण तेवढ्याच पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. मग दोन अंडी वाढवायची आणि नागली राहू द्यायची. ओट्स लिहून दिलेत तर तो कागद वहीत घडी होऊन पडतो, मी ते पाहिलंय. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली, तेव्हापासून त्या डोंगरपट्ट्यातल्या मुलींना पळणं हा रस्ता वाटतो. त्यांच्या घरी जे पिकतं त्याच्यावर आपल्याला बोलता आलं पाहिजे.

श्रावणातले सोमवारही शिका. ‘उपास सोडा’ म्हणणारा प्रशिक्षक दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचं कूट वाढवा, सोबत दही, राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, दूध. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं आहेत. त्या दिवशी वेगाचा सराव ठेवू नका असं कोचला सांगायचं, एवढंच.

पाण्याचं प्रात्यक्षिक स्वतःवर करा. एप्रिलमध्ये गंगापूर रोडनं तासभर पळण्याआधी माझं वजन ६२.४ किलो, आल्यावर घाम पुसून ६१.३. वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. म्हणजे घाम गेला १.४ लिटर. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर प्यायचं, पण पुढच्या काही तासांत थोडं थोडं, आणि त्यात मीठ हवं. लिंबू सरबत, ताक चालतं. उलट पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तो माणूस पाणी जास्त पितोय, आणि लांबच्या शर्यतीत ते धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम खाली जातं. तासाच्या वर पळणाऱ्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. महागड्या जेलऐवजी ४० ग्रॅम मनुका खिशात टाकल्या की तीस ग्रॅमचं काम होतं. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून आपण जेल विकत का घ्यावं, मला कळत नाही. फक्त शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. आधी चार रविवार पोटाला सवय लावायची.

चरबी मोजायचा चिमटा मला सोपा जाईल असं वाटलं होतं. नऊ वर्षं व्हर्नियर धरला होता ना. पण लोखंड दाबलं जात नाही, कातडी जाते. आयसॅक ही १९८६ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था याचं प्रशिक्षण देते. आठ जागांची घडी, उजव्या बाजूनं, जागा आधी पेनानं खुणेनं ठरवून. प्रत्येक जागा दोनदा, फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर तिसऱ्यांदा. जागा बोटभर सरकली की आकडा बदलतो. आठही आकड्यांची बेरीज लिहा आणि दोन महिन्यांनी त्याच बेरजेशी तुलना करा. सूत्रातून ‘फॅट किती टक्के’ काढून देण्याच्या नादी लागू नका, त्यात अंदाजावर अंदाज चढतो. पुरुष प्रशिक्षकांनो, मुलींची मापं घेताना ओळखीची बाई खोलीत हवी. परवानगी आधी विचारायची. वय कमी असेल तर पालकांचीही.

आता माझी चूक सांगते, कारण ती कोणत्याच सर्टिफिकेटमध्ये नव्हती.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पंधराशे मीटर पळणारी एक मुलगी होती. दर रविवारी मी वजन घ्यायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचे, कारखान्यातल्या कंट्रोल चार्टसारखं. ४८ वरून दहा आठवड्यांत ४५. वेळ सुधारली, मी खूश, कोच खूश. मग नडगी दुखायला लागली. हाडाला बारीक तडा होता. डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाळी कधी आली होती?” चार महिने आली नव्हती. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मुलगी भिंतीवरचा आकडा खाली यावा म्हणून रात्रीची भाकरी सोडत होती.

याला नाव आहे, रेड-एस, म्हणजे सरावाच्या मानानं खाणं कमी पडून शरीर बिघडणं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये ते मांडलं. गणित साधं आहे : खाल्लेल्या कॅलरीतून सरावाच्या वजा करा आणि चरबी सोडून उरलेल्या वजनानं भागा. तीसच्या खाली गेलं की धोका. तिच्या वहीतून मी नंतर काढलं : १६०० खात होती, सरावात ६०० जात होते, उरले हजार; भागिले ३८ म्हणजे २६. सगळे आकडे माझ्याच अक्षरात होते. तिचा तो हंगाम गेला. आता माझ्या फॉर्मच्या पहिल्या पानावर पाळीचा प्रश्न आहे, आणि भिंतीवर काही नाही.

पाळी बंद, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, खाऊन ओकणं, सतत थकवा, यातलं काही दिसलं की आपण थांबायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. आदिवासी भागातून आलेल्या मुलांच्या बाबतीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का तेही विचारा. थकवा म्हणजे लोह कमी, असं ठरवून गोळ्या सुचवू नका. जेवणाबरोबरचा चहा मात्र बिनधास्त बंद करा, तो अन्नातलं लोह शोषू देत नाही.

पावडर आणि गोळ्यांबद्दल दर आठवड्याला विचारलं जाईल. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक अन्न परवान्याचा असतो, त्यात उत्तेजक नाही याची हमी तो देत नाही. नाडा या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचणीत काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला घ्यायचंच असेल तर बॅचनुसार तपासलेलंच घ्यावं आणि डबा, बिल जपून ठेवावं. आणि तुम्ही स्वतः दुकानदाराचं कमिशन घेऊ नका. मला पहिल्याच वर्षी एकानं देऊ केलं होतं, रक्कम माझ्या महिन्याच्या कमाईएवढी होती.

कमाईचं म्हणाल तर पहिलं वर्ष नोकरी सोडू नका. मी सकाळी मैदान आणि दुपारची शिफ्ट असं चौदा महिने काढलं. काम ऑफिसात बसून येत नाही. हिरावाडीचं मीनाताई ठाकरे स्टेडियम, गोल्फ क्लबचा ट्रॅक, त्र्यंबक रोडचा तरणतलाव, गल्लीतली तालीम, इथे रोज तोंड दिसलं पाहिजे. आधी कोचशी बोला, त्याला डावलून खेळाडूला काही सांगितलंत तर दोघेही जातात. मी पहिल्या दहा जणांकडून पैसे घेतले नाहीत, वह्या घेतल्या. अकरावा होता सायकलिंग करणारा दुकानदार, त्यानं पाचशे रुपये दिले. भरतीच्या पोरांकडून आजही घेत नाही, सायकलवाल्यांकडून ते भरून काढते.

आणि वसतिगृहात काम मिळालं तर वॉर्डनच्या आधी स्वयंपाकाच्या मावशींना भेटा. एका ठिकाणी मी महिनाभर मुलींच्या ताटांचे हिशेब करत होते, प्रथिनं काही केल्या जुळेनात. लवकर जेवणाऱ्या धावपटू मुली कमी भरायच्या, उशिरा येणाऱ्या जास्त, आणि मेनू तर सगळ्यांना एकच. एके दिवशी मावशींच्या शेजारी उभी राहिले. पातेलं मोठं, पळी वरूनच फिरत होती. डाळ सगळी तळाशी. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, मग आधी बोलायचं ना!” आणि पळी तळापर्यंत घालून ढवळली.