युद्धकाळातला चांदीचा रुपया: डाग, चरे आणि खरी किंमत

सहाव्या जॉर्जचा रुपया हातात आला की आधी साल बघा. 1940 ते 1945 असेल, तर तो दुसऱ्या महायुद्धातला. चांदीची टंचाई झाली म्हणून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि बाकी तांबे, निकेल, जस्त मिसळले. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. लोहचुंबकाला तो चिकटत नाही. 1947 चा वाघाचा रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा. मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची खूण, म्हणजे मुंबईचा ठिपका किंवा लाहोरचा 'एल', आहे का, तेही बघून ठेवा.

आता खरी अडचण. पृष्ठभागावरचा दोष टांकसाळीतला की नंतरचा? मी वर्षभर इथेच अडखळलो. राजाच्या गालावरून मुकुटापर्यंत एक रेघ गेलेली दिसली आणि ओरखडा समजून मी ते नाणे चांदीच्या भावात देऊन टाकले. ती रेघ खोल नव्हती, वर उचललेली होती. साच्याला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर अशी बारीक कड उमटते.

म्हणून एकच दिवा बाजूने, तिरपा धरा. भिंगातून बघत नाणे सावकाश फिरवा. रेघेच्या काठाला सावली पडते. सावली आत पडली तर चरा, बाहेर पडली तर साच्याचा तडा. चऱ्याच्या काठावर सरकलेला धातूही दिसतो. पापुद्रा सुटल्यासारखा खळगा असेल आणि त्याच्या तळाशी नक्षीच नसेल, तर मिश्रधातूतच दोष असू शकतो. घाईने 'खराब' म्हणू नका. कडही तपासा. युद्धकाळात बनावट नाणी रोखायला कंगोऱ्यांच्या मधोमध खाच पाडून तिच्यात बारीक नक्षी घालू लागले. ती एका जागी बुजलेली असेल, तर तिथे दागिन्याची कडी डाखलेली होती. तो दोष किंमत पाडतोच.

आणि कृपा करून चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका. काळवंडलेला रुपया संग्राहक घेतो, घासलेला घेत नाही. घासल्याचे बारीक समांतर चरे भिंगाखाली लगेच दिसतात आणि ते पुसता येत नाहीत.

किंमत काढताना आधी तळ धरा: 5.83 ग्रॅम चांदी गुणिले त्या दिवसाचा भाव. त्यावर किती, ते लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच नाण्यांवरून ठरवा. जाहिरातीतले आकडे सोडून द्या. ते विकणाऱ्याने मागितलेले असतात. साच्याच्या बारीक तड्याने थोडी भर पडते, लाखो मिळत नाहीत. नाणे विकत घेतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेलाही आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता.