जिनिंगचा हिशेब अॅक्सेसमधून पोस्टग्रेसमध्ये नेताना

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये किंवा अडत दुकानात जुनी एमडीबी फाइल (मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसचा डेटाबेस) चालू असेल, तर ती पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरवर हलवायची वेळ आखाजीनंतरची, कापसाची आवक थंडावल्यावरची. दसऱ्यानंतर काटा थांबवता येत नाही, आणि मार्चअखेरीस तर हातच लावू नका.

आधी सगळ्यांना फाइलमधून बाहेर काढा. शेजारी एलडीबी फाइल (डेटाबेस वापरात असल्याची खूण) दिसत असेल तर बहुधा कुणीतरी अजून आत आहे. मग प्रत काढा, तिच्यावर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही अॅक्सेसमधलीच दुरुस्तीची सोय चालवा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा.

पोस्टग्रेसमधली टेबलं हाताने बनवा. करन्सी म्हणजे रकमेच्या कॉलमला न्युमरिक (१९,४), म्हणजे एकूण १९ अंक, त्यातले ४ दशांशानंतरचे; क्विंटलमधल्या वजनाला न्युमरिक (१२,३). वजन फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवलं की हंगामाच्या बेरजेत पैशांचा फरक निघतो आणि तो शोधता शोधता जीव जातो. कॉलमची नावं लहान रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता. अॅक्सेस 'हो' म्हणून −१ ठेवतं, पोस्टग्रेसचा बूलियन (हो-नाहीचा कॉलम) ते घेत नाही; निर्यात करतानाच बदला. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच काढा. नाहीतर ५ जूनची पावती गुपचूप ६ मेची होते. १३ जूनची निदान एरर तरी देते. निर्यातीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) मधेच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: बँक खात्याचे पुढचे शून्य उडतात, १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात.

खरा वेळ खातात ती मराठी नावं. शेतकऱ्याचं नाव नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन चिन्हांचा कचरा दिसला तर तो मजकूर युनिकोड (कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच दिसणारी प्रमाण लिपी-सांकेतिका) नाही, जुन्या फॉन्टच्या सोंगातला आहे. ज्या फॉन्टमध्ये भरला त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. बऱ्हाटे, बऱ्हाणपूर ही नावं मुद्दाम बघा. यातला 'ऱ्' दोन प्रकारे साठतो: 'ऱ'ला हलंत लावून, किंवा साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असं मिळून. दिसायला सारखंच, पण शोधलं तर एकच बऱ्हाटे सापडतात, दुसरे नाहीत. युनिकोडची रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ फंक्शन इथे कामाचं नाही, रिप्लेसनेच एकसारखं करा. यादी मराठी वर्णक्रमाने हवी तर आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) लावा.

भरताना आधी शेतकरी आणि व्यापारी, मग पावत्या. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मधेच लाईट गेली तरी अर्धवट राहत नाही. फॉरेन की (प्रत्येक पावतीचं खातं खरंच यादीत आहे ना, हे तपासणारी अट) शेवटी लावा. तेव्हा मालक नसलेल्या पावत्या उघड्या पडतील. त्या खोडू नका, 'अज्ञात' खात्यावर टाका. मग प्रत्येक सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक) सेटव्हॅल फंक्शनने सगळ्यात मोठ्या क्रमांकावर आणा. हे राहिलं तर पहिलीच नवी पावती डुप्लिकेट की म्हणून अडते.

नुसत्या ओळी मोजून भागत नाही. महिनावार वजन, रक्कम, हमाली आणि तोलाई दोन्हीकडे जुळवा, शिवाय दहा-पंधरा पावत्या कागदाशी ताडून बघा.

जुने फॉर्म लगेच फेकायची गरज नाही. पोस्टग्रेसचा युनिकोड ओडीबीसी ड्रायव्हर (अॅक्सेसला पोस्टग्रेसशी जोडणारा दुवा) घालून टेबलं लिंक केली की तेच फॉर्म चालतात. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) हवीच, नाहीतर दुरुस्ती सेव्ह होत नाही. ड्रायव्हरमध्ये 'ट्रू इज −१' सुरू आणि 'बूल्स अॅज चार' बंद करा. थेट पोस्टग्रेसवर चालणाऱ्या क्वेरींत आयआयएफच्या जागी केस, एनझेडच्या जागी कोअॅलेस आणि लाइकमधल्या फुलीच्या (*) जागी टक्का (%). पोस्टग्रेस रोमन लहान-मोठं अक्षर वेगळं मानतं, त्यामुळे शोधाला आयलाइक वापरा.

जुनी फाइल ऑडिट होईपर्यंत रीड-ओन्ली करून ठेवा.