स्पेक्ट्रमवर जुने आर्केड खेळ उतरवताना या चुका टाळा

पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी मला सिंक्लेअरचा एक स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे १९८०च्या दशकातला घरगुती संगणक, मिळाला. डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन भारतात विकलेल्या संगणकांपैकी तो एक होता. तपकीर गल्लीतून आणलेले कपॅसिटर बदलल्यावर तो सुरू झाला आणि तेव्हापासून आम्ही काही मित्र रविवारी एकत्र बसून त्यावर आर्केडमधले, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरचे, जुने खेळ उतरवतो, म्हणजे त्यावर चालतील असे नव्याने लिहितो. या कामात नवा येणारा प्रत्येक जण जवळपास त्याच चुका करतो, आणि त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत. मूळ यंत्रात जे काम खास सर्किट गुपचूप करत होते, ते आता कोण करणार, हे आधी ठरवले नाही की यांतली बहुतेक दुखणी सुरू होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक पडद्याच्या आकाराबाबत होते. नामको कंपनीचा १९८० सालचा पॅक-मॅन, म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाण्याचा खेळ, उभ्या पडद्यावर चालतो. त्याची रुंदी २२४ आणि उंची २८८ पिक्सेल आहे. स्पेक्ट्रमचा पडदा आडवा, २५६ बाय १९२ पिक्सेलचा. मूळ चक्रव्यूह २८ बाय ३१ घरांचा आहे आणि प्रत्येक घर ८ पिक्सेलचे, म्हणजे नुसत्या चक्रव्यूहालाच २४८ पिक्सेल उंची लागते. अशा वेळी ७ ओळी कापून उरलेल्या २४ ओळी बसवण्याचा मोह होतो. पण गुलाबी भूत पॅक-मॅनच्या ४ घरे पुढचा नेम धरते आणि नारिंगी भूत ८ घरांहून जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. पट आखडला आणि हे आकडे तेच राहिले, तर भुतांचा पाठलाग मुळासारखा राहत नाही, आणि खेळणाऱ्याला नेमके काय बिघडले हे सांगताही येत नाही. त्यापेक्षा घर ६ पिक्सेलचे करावे. मग पूर्ण चक्रव्यूह १६८ बाय १८६ पिक्सेलमध्ये बसतो आणि गुणांसाठी बाजूला ८८ पिक्सेलची पट्टीही उरते.

मात्र इथून रंगांचा प्रश्न सुरू होतो. स्पेक्ट्रमवर रंग पिक्सेलला मिळत नाही. ८ बाय ८ पिक्सेलच्या घराला मिळतो, आणि अशा एका घरात एक शाईचा व एक कागदाचा असे दोनच रंग राहू शकतात. ६ पिक्सेलची घरे या जाळीशी जुळत नाहीत, त्यामुळे लाल भूत निळ्या भिंतीजवळून गेले की भिंतही लाल होते. माझे मत स्पष्ट आहे: चक्रव्यूह पूर्ण ठेवावा, तो एकाच रंगात काढावा आणि भुते डोळ्यांच्या व अंगाच्या नक्षीने वेगळी दाखवावीत. रंग ठेवायचेच असतील, तर नारिंगीच्या जागी पिवळा घेऊ नये, कारण पॅक-मॅन स्वतः पिवळा आहे. तिथे हिरवा चालतो. भुतामागे रंगाचे ठिपके उरत असतील, तर रंगाची घरे पूर्ववत करणारा भाग तपासावा. १२ पिक्सेलचे भूत एका वेळी ४ घरांनाच स्पर्श करते असे वाटते, पण कडेला पडले की ते आडव्या व उभ्या दोन्ही दिशांना ३ घरे व्यापते, म्हणजे पूर्ववत करायची घरे ९ असू शकतात.

वेगाच्या बाबतीत तैतोच्या १९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्सकडून फार शिकण्यासारखे आहे. त्यात ५५ परग्रहवासी असतात, पण मूळ यंत्र प्रत्येक फ्रेममध्ये (पडद्यावर एकदा चित्र उमटण्याच्या वेळात) त्यांतला एकच पुढे सरकवते. म्हणून भरलेली फौज संथ चालते आणि एकच उरला की तो धावत सुटतो. हे न जाणता अनेक जण पंचावन्नही आकृत्या प्रत्येक फ्रेममध्ये हलवायला जातात, यंत्र दमते, आणि मग वाढत्या वेगासाठी वेगळे तक्ते लिहावे लागतात. मूळ पद्धत ठेवली तर वेगही आपोआप वाढतो आणि प्रोसेसरवरचा भारही हलका राहतो.

मूळ खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेमवर चालतात, स्पेक्ट्रम ५० वर. हिशेब जसाच्या तसा उचलला, तर सगळा खेळ एक षष्ठांशाने मंदावतो. पॅक-मॅनमध्ये सुरुवातीला भुते पाठलाग सोडून ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यांकडे पांगतात, ते सुमारे साडेआठ सेकंद होतात. सगळ्या वेगांना १.२ ने गुणण्यापेक्षा दर ५ फ्रेममध्ये खेळाचा हिशेब ६ वेळा चालवणे मला अधिक योग्य वाटते, कारण मूळ आकड्यांना हात लावावा लागत नाही. ज्या फ्रेममध्ये हिशेब दोनदा होतो, तिचा वेळ मात्र सर्वांत गर्दीच्या प्रसंगी मोजून पाहावा.

हा वेळ मोजण्याची सोपी युक्ती अशी: चित्रे काढायला सुरुवात करताना पडद्याच्या किनारीचा रंग बदलावा आणि काम संपताच पूर्ववत करावा. किनारीवर दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी म्हणजे लागलेला वेळ. ४८के स्पेक्ट्रमवर एका फ्रेमला घड्याळाचे ६९,८८८ ठोके मिळतात. मेमरीतली माहिती एकीकडून दुसरीकडे नेणारी एलडीआयआर ही आज्ञा प्रत्येक बाइटला २१ ठोके घेते, म्हणजे ६,१४४ बाइटचे पूर्ण चित्र हलवायला १,२९,०२४ ठोके, जवळपास दोन फ्रेम. तेव्हा जे बदलले तेवढेच पुन्हा काढावे. आकृत्या फक्त पडद्याच्या वरच्या भागात लुकलुकत असतील, तर दोष क्रमाचा असतो. इंटरप्टनंतर, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यानंतर, साधारण १४,३३६ ठोक्यांनी चित्राची पहिली ओळ उमटू लागते. त्यामुळे इंटरप्ट येताच आधी वरच्या आकृत्या काढाव्यात आणि मग खालच्या.

वेगासाठी स्टॅक पॉइंटर (परतीचे पत्ते जिथे ठेवले जातात ती जागा दाखवणारे प्रोसेसरचे रजिस्टर) वापरून चित्रे वाचणारे एक दुखणे ओढवून घेतात: आकृत्या हळूहळू कुरतडल्यासारख्या दिसू लागतात. वाचन चालू असताना इंटरप्ट आला की परतीचा पत्ता चित्राच्या माहितीवरच लिहिला जातो, म्हणून तेवढ्या वेळापुरते इंटरप्ट बंद ठेवावेत. कोड मेमरीत ३२७६८ च्या वरच्या पत्त्यांवर ठेवावा, कारण त्याखालच्या १६ के रॅमसाठी पडद्याचे सर्किट प्रोसेसरला थांबवून ठेवते. प्रोसेसरच्या, इंटरप्टसाठी वापरल्या जाणाऱ्या आय रजिस्टरमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा गेला, तर पडद्यावर बर्फ पडल्यासारखे दिसते.

इम्युलेटरवर (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) नीट चाललेला खेळ खऱ्या यंत्रावर कळांना दाद देत नाही, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. कळफलक वाचताना २५४ क्रमांकाच्या पोर्टवरचे खालचे ५ बिटच कळांचे असतात. एकही कळ दाबलेली नसताना स्पेक्ट्रमच्या जुन्या इश्यू २ आवृत्तीच्या बोर्डवर २५५ मिळतात, इश्यू ३ वर १९१. पूर्ण आकड्याशी तुलना करणारा खेळ एकावर चालतो आणि दुसऱ्यावर अडतो. वरचे ३ बिट पुसून मगच तुलना करावी. नायक आपोआप चालू लागला, तर जॉयस्टिक जोडलेली नसताना केम्प्स्टन या जॉयस्टिक-जोडणीचे ३१ क्रमांकाचे पोर्ट वाचले जात आहे का, ते पाहावे. जॉयस्टिक आहे का, हे खेळणाऱ्यालाच सुरुवातीला विचारणे उत्तम.

मूळ खेळाचा कोड आणि चित्रे यांवर स्वामित्वहक्क असतो. म्हणून आम्ही चित्रे स्वतः काढतो आणि मूळ रॉम (यंत्रातल्या चिपवरची खेळाची प्रत) कोणालाही देत नाही.

आता खेळ यंत्रात भरण्याविषयी. स्पेक्ट्रम खेळ कॅसेटवरच्या आवाजातून भरून घेतो. कॅसेटऐवजी मोबाइलवरून आवाज देणार असाल, तर फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवावी, इक्वलायझर बंद करावा आणि मोबाइल विमान मोडवर टाकावा. मोठा खेळ भरायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि चौथ्या मिनिटाला आलेल्या एका संदेशाच्या टिंगटिंगने सगळे पुन्हा करावे लागते. आवाज आधी पूर्ण ठेवावा; ‘आर टेप लोडिंग एरर’ आली, तर एकेक पायरी कमी करत जावे. कॅसेटच वापरत असाल आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरली असेल, तर ती तशीच प्लेअरमध्ये घालू नये. प्लेअरचे हेड (टेप वाचणारा भाग) आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि तरीही खेळ भरला जात नसेल, तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू आवाज सर्वांत खणखणीत होईपर्यंत किंचित किंचित फिरवून पाहावा.